अमेरिकेत आरव्हीने फिरताना रात्रीचा मुक्काम कसा ठरवावा

आरव्ही, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायचं ठरलं की बहुतेक मंडळी एकाच क्रमाने कामाला लागतात. नकाशावर बघायच्या जागा टिपायच्या, त्यांच्या जवळचं कॅम्पग्राउंड शोधायचं, साइट (गाडी लावायची आखलेली जागा) रिकामी दिसली की पैसे भरून मोकळं व्हायचं. हॉटेलसाठी हा क्रम ठीक आहे. आरव्ही मात्र त्या जागेत मावायला हवी, तिथवर पोहोचायला हवी आणि रात्रभर हीटर, दिवे, पाणी पुरेल एवढा दम तिच्यात शिल्लक हवा. त्यामुळे इथे क्रम उलटा लागतो: आधी गाडी, मग कोणती रात्र कशी काढायची, मग टापू, मग जागेचा प्रकार, आणि साइटचा नंबर सगळ्यात शेवटी.

खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. पहिला टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून बरेच जण तो सोडतात, आणि पुढचे निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

## टप्पा 1: गाडीची मापं कागदावर उतरवा

लांबी. जाहिरातीतली "25 फुटी" किंवा "30 फुटी" गाडी हा ढोबळ आकडा असतो. तुम्हाला हवं ते माप पुढच्या बंपरपासून मागच्या शेवटच्या वस्तूपर्यंतचं, म्हणजे मागची शिडी आणि सायकलींचा रॅकही त्यात धरायचा. ट्रेलर (दुसऱ्या गाडीने ओढायचं चाकांवरचं घर) असेल तर दोन आकडे लिहा: नुसता ट्रेलर, आणि ओढणारी गाडी धरून एकूण. काही कॅम्पग्राउंड मोटरहोमला (स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या आरव्हीला) आणि ट्रेलरला वेगवेगळी मर्यादा लावतात.

उंची आणि रुंदी. छतावरचा एसी धरून उंची, आरसे धरून रुंदी. मोटरहोमची उंची साधारण 10 ते 13 फुटांच्या दरम्यान असते. नेमका आकडा चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. पूल समोर दिसल्यावर कागदपत्रं चाळायला वेळ नसतो.

वीज. गाडीची मोठी केबल बघा. प्लगला तीन पाय असतील तर गाडी 30 अँपची, चार असतील तर 50 अँपची. 30 अँपच्या जोडणीत 120 व्होल्टने जास्तीत जास्त 3,600 वॅट मिळतात. 50 अँपच्या जोडणीत दोन वेगळ्या तारांतून वीज येत असल्याने 12,000 वॅट मिळतात. 30 अँपवर एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला आणि त्यात पाण्याचा हीटरही विजेवर असला तर ब्रेकर पडणारच, त्यात बिघाड काही नाही.

टाक्या आणि बॅटरी. पिण्याच्या पाण्याची टाकी, ग्रे टाकी (सिंक आणि शॉवरचं सांडपाणी) आणि ब्लॅक टाकी (संडास) किती गॅलनच्या आहेत ते लिहा. एक गॅलन म्हणजे सुमारे 3.8 लिटर. गाडीच्या राहत्या भागाला वीज देणाऱ्या बॅटऱ्या किती अँप-अवरच्या (म्हणजे किती क्षमतेच्या) आहेत, लेड-अॅसिड आहेत की लिथियम, तेही विचारून घ्या.

करारातल्या अटी. हे वाचायचं बहुतेकांच्या हातून राहतं. भाड्याच्या अनेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते. काही कंपन्या उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेऊ देत नाहीत. जनरेटर किती तास चालला यावर वेगळे पैसे लागू शकतात. फुकटच्या जंगलातल्या जागेची स्वप्नं बघण्याआधी हा कागद वाचा, कारण तिथे जायचा रस्ता बहुधा कच्चाच असतो.

> तपासा: लांबी, उंची, अँप, तीन टाक्या, बॅटरी, कच्चा रस्ता चालेल की नाही. यातली एकही जागा कोरी असेल तर आरक्षणाचं पान उघडू नका.

## टप्पा 2: रात्री वाटून घ्या

आरव्हीतली रात्र दोन प्रकारची असते. एक हुकअपची: वीज, पाणी आणि कधी कधी सांडपाण्याची जोडणी साइटवरच मिळते. तिन्ही मिळाली तर तिला फुल हुकअप म्हणतात. दुसरी कोरडी, म्हणजे ड्राय कॅम्पिंगची: जे गाडीत आहे त्यावरच भागवायचं. अशा कोरड्या रात्री सलग किती काढता येतील हे हिशोबाने कळतं, उत्साहाने नाही.

हिशोब करून बघू. समजा गाडीत 100 अँप-अवरची एक लेड-अॅसिड बॅटरी आहे. तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्म्यापेक्षा जास्त उपसायची नाही, म्हणजे हाताशी राहिले 50. हीटर प्रोपेन गॅसवर चालतो हे खरं, पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो आणि साधारण 7 ते 8 अँप ओढतो. थंड रात्री दहा तासांतला निम्मा वेळ तो फिरला तर 35 ते 40 अँप-अवर तिथेच संपले. उरलेल्यात दिवे, पाण्याचा पंप, फ्रिजचं सर्किट, गॅसचे अलार्म. सकाळपर्यंत जेमतेम निभतं. दुसऱ्या दिवशी गाडी चालवली किंवा जनरेटर लावला तरच पुढची रात्र. घरात कुणी झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून लावायचं यंत्र) लावत असेल तर तो आकडाही यात धरा आणि कोरडी रात्र घेण्याआधी दोनदा विचार करा.

छतावरचा एसी या हिशोबात बसतच नाही. त्याला हुकअप हवं नाहीतर जनरेटर, आणि जनरेटर रात्री चालवायला जवळपास कुठल्याच कॅम्पग्राउंडवर परवानगी नसते. म्हणजे गरम हवेतली रात्र आपोआप हुकअपची झाली.

आता पाणी. माणसं पिण्याच्या पाण्याची काळजी करतात, पण आधी भरते ती ग्रे टाकी. अमेरिकेतला साधा शॉवर मिनिटाला दोन-अडीच गॅलन सोडतो. पाच मिनिटांची अंघोळ म्हणजे दहा-बारा गॅलन, चौघांची मिळून चाळीसच्या वर. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांची ग्रे टाकी त्याहून लहान असते. ती भरली की पाणी शॉवरच्या मोरीतून उलटं वर येतं. अंग ओलं करून नळ बंद, साबण लावून पुन्हा नळ, अशी अंघोळ दोन-तीन गॅलनमध्ये होते, पण आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असताना हे पाळलं जाईल असं धरून चालू नका.

चौघांच्या कुटुंबाला मी सांगेन: दोन कोरड्या रात्रींनंतर एक फुल हुकअपची. म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल असेल तर एकाआड एक.

पहिली रात्र कुठली असावी याबद्दल मात्र मला तडजोड मान्य नाही. ती फुल हुकअपची आणि गाडी जिथून उचलली तिथून तास-दीड तासाच्या आत हवी. गाडीत काय चालतं आणि काय नाही हे त्या रात्री कळतं, आणि कंपनीचं ऑफिस अजून जवळ असतं. शेवटची रात्र परतीच्या ठिकाणाजवळ, डंप स्टेशन (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची सोय) असलेल्या जागी. टाक्या न रिकाम्या करता गाडी परत केली तर वेगळे पैसे लागतात.

## टप्पा 3: टापू ठरवा, गाव नंतर

नकाशा चार तास दाखवत असेल तर आरव्हीला पाच धरा. घाटात वेग पडतो, पेट्रोल वरचेवर लागतं, जोराच्या वाऱ्यात उंच गाडी हळूच चालवावी लागते. आरव्हीवाल्यांत 3-3-3 असा एक नियम सांगतात: दिवसाला 300 मैलांच्या आत, दुपारी 3 पर्यंत मुक्कामी, एका जागी 3 रात्री. शेवटचा तीन सुट्टी मोजकी असताना जमत नाही. मधला मात्र सोडू नका. हिवाळ्यात पाचच्या सुमारास अंधार पडतो, आणि नवख्याने अंधारात आरव्ही मागे घेणं म्हणजे नुकसानभरपाईचा अर्ज भरण्याची पूर्वतयारी.

उंचीकडेही बघा. उन्हाळ्यात अॅरिझोनातल्या फिनिक्सच्या परिसरात, सुमारे 1,100 फुटांवर, रात्रीही उकाडा असतो. तिथून दोन-अडीच तासांवरचं फ्लॅगस्टाफ सुमारे 7,000 फुटांवर आहे आणि तिथे पांघरूण लागतं. नेमकं उलटं ऑक्टोबरात: ग्रँड कॅन्यनची दक्षिण कडाही साधारण त्याच उंचीवर, तिथे रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाऊ शकतो. अशा रात्री बाहेरचा पाण्याचा पाइप जोडून ठेवायचा नाही. टाकी भरून घ्यायची आणि पाइप आत.

> सावधान: अॅरिझोना उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) पाळत नाही, पण त्याच राज्यातला नावाहो नेशनचा (नावाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशाचा) भाग पाळतो. मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाताना एका तासाचा फरक पडतो. कॅम्पग्राउंडचं ऑफिस सहाला बंद होत असेल तर कुणाचे सहा, ते आधी विचारा.

## टप्पा 4: जागेचा प्रकार निवडा

### खासगी आरव्ही पार्क

केओएसारख्या साखळ्या आणि असंख्य स्वतंत्र पार्क. हुकअप, कपडे धुण्याची मशीन, गरम पाण्याचे शॉवर, बहुतेक ठिकाणी डंप स्टेशन. गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि निसर्ग म्हणाल तर दोन कुंड्या. तरीही हुकअपच्या रात्रीसाठी हीच जागा. इथे आपण देखाव्यासाठी येत नाही, टाक्या रिकाम्या करायला येतो.

### राष्ट्रीय उद्यानं आणि राज्यांची उद्यानं

इथे सगळ्यात मोठा गैरसमज असा की नॅशनल पार्कचं कॅम्पग्राउंड म्हणजे सगळ्या सोयी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हुकअप नसतं. योसेमिटीत एकाही कॅम्पग्राउंडवर नाही. यलोस्टोनमध्ये हुकअप मिळतं ते फक्त फिशिंग ब्रिजला, आणि तिथे ग्रिझली अस्वलांमुळे कापडी तंबूला किंवा कापडी भिंतींच्या ट्रेलरला परवानगी नाही. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कडेला मॅथर कॅम्पग्राउंडला हुकअप नाही आणि गाडीची मर्यादा 30 फूट. शेजारच्याच ट्रेलर व्हिलेजमध्ये फुल हुकअप आहे आणि 50 फुटांपर्यंतची गाडी चालते. दोन्हींमध्ये अंतर चालत जाण्याइतकं, पण चुकीचं आरक्षण केलं तर त्या रात्रीपुरती ती दोन वेगळी जगं आहेत.

राज्यांची उद्यानं, म्हणजे स्टेट पार्क, लोकांच्या नजरेतून सुटतात. अनेक ठिकाणी वीज आणि पाणी मिळतं, गर्दी कमी असते आणि नॅशनल पार्कपासून अर्ध्या-पाऊण तासावर ती सापडतात.

उद्यानात शिरण्यापूर्वी रस्त्यांच्या मर्यादाही बघा. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या डोंगरी भागात 21 फुटांहून लांब किंवा आरशांसकट 8 फुटांहून रुंद गाडीला मनाई आहे. म्हणजे पश्चिमेला एक रात्र आणि पूर्वेला दुसरी असा बेत असेल तर आरव्हीला दक्षिणेकडून वळसा घालून जावं लागतं. झायन नॅशनल पार्कमधल्या झायन-माउंट कार्मेल बोगद्यासाठी 11 फूट 4 इंच उंची आणि 7 फूट 10 इंच रुंदी या रेषा महत्त्वाच्या, आणि बहुतेक मोटरहोम त्या ओलांडतात. मोठ्या गाड्यांचे नियम तिथे कडक होत गेले आहेत. ब्राइस कॅन्यनहून थेट झायनच्या दक्षिण दाराशी उतरायचं असेल तर पार्कच्या संकेतस्थळावरचा ताजा नियम वाचल्याशिवाय साइट घेऊ नका.

> सावधान: नॅशनल पार्कमध्ये कॅम्पग्राउंड सोडून वाहनतळावर किंवा रस्त्याकडेच्या व्ह्यूपॉइंटवर रात्री झोपता येत नाही. "उशिरा पोहोचलो, सकाळी निघतो" हे कारण रेंजर (उद्यानाचे रक्षक) रोज ऐकतात.

### सरकारी मोकळी जमीन

पश्चिमेकडच्या राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या (बीएलएमच्या) आणि नॅशनल फॉरेस्टच्या पुष्कळ जमिनीवर फुकट मुक्काम करता येतो. याला बूनडॉकिंग म्हणतात. बीएलएमचा सर्वसाधारण नियम 28 दिवसांत 14 दिवसांचा. फॉरेस्टमध्ये मर्यादा जागेनुसार बदलते. पाणी नाही, कचरापेटी नाही, संडास नाही, फोनला रेंज असेलच असं नाही.

इथे चुका ठरलेल्या आहेत. पहिली: ओसाड दिसली म्हणजे जमीन सरकारी, असं समजणं. मध्येच खासगी पट्टे असतात. आदिवासी राष्ट्रांची जमीन ही सार्वजनिक जमीन नव्हे, नावाहो नेशनमध्ये मुक्कामाला परवाना लागतो. अॅरिझोनात राज्याच्या ट्रस्टची जमीन आहे, तिलाही वेगळा परवाना. दुसरी: अॅपवर कुणीतरी "छान जागा" लिहिलं म्हणून निघणं. लिहिणाऱ्याची गाडी उंच चाकांची छोटी व्हॅन असू शकते. आयओव्हरलँडर, कॅम्पेंडियम किंवा द डर्ट अशा अॅपवर जागा शोधताना तुमच्या लांबीच्या गाडीवाल्याने, तुमच्याच मोसमात काय लिहिलं आहे तेवढंच धरा. फॉरेस्टसाठी मोटर व्हेइकल युज मॅप हा अधिकृत नकाशा फुकट मिळतो. कोणत्या रस्त्यावर वाहन चालतं आणि कुठे बाजूला लावता येतं, ते त्यात असतं.

आधीच्या गाड्यांनी मळलेल्या जागीच लावा, नवी वाट पाडू नका. पाण्याच्या काठापासून 200 फूट दूर राहा. वाळवंटात कोरडा ओढा, ज्याला तिथे वॉश म्हणतात, सपाट आणि मऊ वाळूमुळे मोहात पाडतो. मैलोगणती दूर डोंगरात पाऊस पडला तरी तो भरून येतो, आणि तुमच्या डोक्यावर चांदणं असतं. उंच सुक्या गवतावरही गाडी उभी करू नका. तापलेल्या एक्झॉस्टने गवत पेटतं.

### वाहनतळ, रेस्ट एरिया, ट्रक स्टॉप

ही लांबच्या प्रवासात मधली रात्र काढायची सोय, सुट्टीचा मुक्काम नव्हे. वॉलमार्टच्या वाहनतळावर सगळीकडे चालतं हा जुना समज आहे. परवानगी त्या-त्या दुकानाचा मॅनेजर देतो, आणि गावाच्या नियमाने मनाई असेल तर त्याच्याही हातात काही नसतं. दुकानात फोन करून विचारा. मिळाली तर लांबच्या कोपऱ्यात लावा, स्लाइड-आउट (गाडीचा बाजूला सरकून बाहेर येणारा भाग) बाहेर काढू नका, खुर्च्या मांडू नका, सकाळी निघा.

महामार्गावरच्या रेस्ट एरियाचे नियम राज्यागणिक वेगळे. टेक्सासमध्ये 24 तास थांबता येतं, कॅलिफोर्नियात 8 तास, फ्लोरिडात फक्त 3. आठ तासांत झोप होते, तीन तासांत डुलकी.

ट्रक स्टॉपवर आरव्हीसाठी आखलेल्या जागा असतील तर तिथेच उभे राहा. ट्रकवाल्यांना कायद्याने ठराविक तासांनंतर दहा तास विश्रांती घ्यावीच लागते. त्यांची जागा आपण अडवली तर त्यांना जायला दुसरीकडे वाट नसते. शिवाय शीतपेटीच्या ट्रकचं इंजिन रात्रभर घरघरत असतं, त्यामुळे तिथली जागा तुम्हालाही नकोच.

### शेतं आणि वायनरी

हार्व्हेस्ट होस्ट्ससारख्या सभासदत्वाच्या योजनेत शेतकरी, वायनरीवाले आपल्या आवारात एक रात्र गाडी लावू देतात. गाडीत स्वतःचा संडास आणि सांडपाण्याची टाकी असायलाच हवी, आणि यजमानाकडून काहीतरी विकत घेणं अपेक्षित असतं. शांत आणि सुंदर, पण रात्र कोरडी.

## टप्पा 5: साइटचं पान ओळीओळीने वाचा

कॅम्पग्राउंड ठरलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. एकाच कॅम्पग्राउंडमध्ये एका साइटवर 40 फुटी बस मावते आणि शेजारच्या साइटवर 22 फुटी गाडीचं नाक रस्त्यात येतं.

रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी आरक्षणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक साइटचं वेगळं पान असतं. फोटो आणि भाडं बघून लोक थांबतात. त्या पानावर खाली जा. तिथे वाहनाची कमाल लांबी, ड्राइव्हवेची लांबी, त्याचा उतार, पृष्ठभाग, सावली आणि आत शिरण्याची पद्धत दिलेली असते. "बॅक-इन" म्हणजे मागे घेत शिरायचं. "पुल-थ्रू" म्हणजे एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. पहिल्यांदाच आरव्ही चालवणाऱ्याने पुल-थ्रूसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी द्यावेत. कमाल लांबी तुमच्या गाडीपेक्षा दोन-तीन फूट जास्त असू द्या. बरोब्बर तेवढीच असेल तर मागचं झाड किंवा पुढचं टेबल, दोन्हींपैकी एकाशी गाठ पडते.

मग उपग्रहाच्या नकाशावर ती साइट मोठी करून बघा:

- फांद्या साइटवर झुकलेल्या आहेत का? छताला आणि सोलर पॅनेलला त्यांचा त्रास. वाळलेल्या झाडाखाली तर नाहीच.
- संडास किती जवळ? अगदी लगतच्या साइटवर रात्रभर दार आपटत राहतं.
- स्लाइड-आउट ज्या बाजूला उघडतो तिथे खांब किंवा झाड आहे का?
- आत शिरताना काटकोनी वळण आहे का? लांब गाडीचा मागचा भाग वळताना बाहेर झुलतो.
- मैलभराच्या आत रेल्वेचं फाटक आहे का?

शेवटचा मुद्दा कुणी बघत नाही. अमेरिकेत रस्ता ओलांडताना इंजिनने 15 ते 20 सेकंद हॉर्न वाजवावा असा संघराज्याचा नियम आहे: दोन लांब, एक आखूड, एक लांब. मालगाड्या रात्रीही धावतात. बरेच आरव्ही पार्क जुन्या महामार्गालगत असतात, आणि त्याच महामार्गाला समांतर रूळ असतो. परीक्षणं वाचताना "ट्रेन" हा एक शब्द शोधा, काम होतं.

> तपासा: खासगी पार्कची साइट 50 अँपची आणि गाडी 30 अँपची असेल तर डॉगबोन नावाचा अडॅप्टर लागतो. उलट असेल तरी अडॅप्टर मिळतो, पण वीज 30 अँपचीच येईल.

## टप्पा 6: आरक्षणाची वेळ साधा

गाजलेल्या नॅशनल पार्कमधल्या साइट बऱ्याच ठिकाणी सहा महिने आधी खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या तारखा काही मिनिटांत संपतात. खाते आधीच उघडून, कार्ड भरून, तीन साइटचे नंबर कागदावर काढून बसा. पहिली गेली की विचार करत बसायला वेळ नसतो.

चुकलं तर हताश होऊ नका. रिक्रिएशन डॉट गव्हवर साइट रिकामी झाली की सूचना येण्याची सोय आहे. लोक प्रवासाच्या एक-दोन आठवडे आधी आरक्षणं सोडतात, कारण त्यावेळी रद्द केलं तर 10 डॉलरच जातात. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. हे तुम्हालाही लागू: बेत बदलला तर दोन दिवस आधीच सोडा.

"आधी येईल त्याला" पद्धतीच्या कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी जाणं व्यर्थ. आदले लोक सकाळी निघतात त्या वेळी, म्हणजे दहा-अकराच्या सुमारास तिथे हवं. शुक्रवार-शनिवार या पद्धतीवर अवलंबूनच राहू नका.

## टप्पा 7: एक फोन करा

ऑनलाइन पैसे भरले तरी आदल्या दिवशी फोन कराच. प्रश्न इतकेच: ऑफिस कधी बंद होतं, उशीर झाला तर साइटचा नंबर कुठे लावलेला असतो, सांडपाण्याची जोडणी साइटवर आहे की एकच डंप स्टेशन आहे, नळ चालू आहेत की थंडीसाठी बंद केलेत, आणि "माझ्या लांबीच्या गाडीला कोणत्या रस्त्याने यायला सांगाल?" या शेवटच्या प्रश्नाला मिळणारं उत्तर नेव्हिगेशनपेक्षा भरवशाचं. छोट्या गाडीसाठी बनवलेलं नेव्हिगेशन तुम्हाला ठेंगण्या पुलाखालून किंवा जंगलातल्या शॉर्टकटने नेऊ शकतं. न्यूयॉर्कच्या आसपासच्या पार्कवेवर पुलांची उंची कमी आहे, आणि बाल्टिमोरच्या बोगद्यांत प्रोपेनच्या टाक्यांवर निर्बंध आहेत. असे भाग वाटेत असतील तर उंची आणि प्रोपेन भरता येणारं आरव्हीचं नेव्हिगेशन वापरा.

## टप्पा 8: पोहोचल्यावर, इंजिन बंद करण्याआधी

साइटच्या तोंडाशी थांबा. एकाने उतरून चालत आत जावं. वर फांद्या, खाली दगड, बाजूला विजेचा खांब बघावा. मागे घेताना उतरलेला माणूस चालकाला आरशात सतत दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे नंतर आरडाओरड होत नाही.

मग या क्रमाने:

1. गाडी सपाट करा. जुन्या पद्धतीचे गॅसवर चालणारे फ्रिज तिरपे उभे राहिले तर बिघडतात. लागेल तिथे चाकाखाली लेव्हलिंग ब्लॉक घाला.
2. हँडब्रेक लावा, चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) द्या.
3. विजेच्या खांबावरचा ब्रेकर बंद करा, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणारं उपकरण) लावा, केबल जोडा, मगच ब्रेकर चालू करा.
4. पाण्याच्या नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर, मग पाइप. काही पार्कमध्ये पाण्याचा दाब एवढा असतो की गाडीतले सांधे सुटतात.
5. सांडपाण्याचा पाइप जोडलात तरी ब्लॅक टाकीची झडप बंदच ठेवा. उघडी ठेवली तर पाणी निघून जातं आणि घट्ट भाग आत थिजून बसतो. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर उघडायची, आधी ब्लॅक, मग ग्रे.
6. स्लाइड-आउट सगळ्यात शेवटी.

> सावधान: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासा. शेजारी जनरेटर चालवत असेल आणि त्याचा धूर तुमच्या खिडकीकडे येत असेल तर खिडकी लावून भागवू नका. त्याच्याशी बोला किंवा जागा बदला. तुमचा जनरेटर झोपण्याआधी बंदच.

अस्वलांच्या भागात कुलर, भांडी, टूथपेस्ट बाहेर ठेवू नका. रात्री 10 नंतर शांततेचे तास बहुतेक ठिकाणी सुरू होतात. मग जोडाजोडी उरकत बसणारं कुटुंब सगळ्या कॅम्पग्राउंडच्या लक्षात राहतं.

साइटचा नंबर आणि कॅम्पग्राउंडचं नाव दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. बूनडॉकिंग असेल तर अक्षांश-रेखांश. 911 ला फोन लावावा लागला तर "एका मोठ्या झाडाजवळ" सांगून रुग्णवाहिका येत नाही.

## टप्पा 9: दुसरी जागा रोज हाताशी ठेवा

प्रत्येक रात्रीसाठी, आरक्षण पक्कं असलं तरी, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरची दुसरी जागा नावासह लिहून ठेवा. वणव्यामुळे कॅम्पग्राउंड बंद होतं, रस्ता खचतो, साइटवर दुसराच कुणी बसलेला असतो. दुसरी जागा पहिल्याच रस्त्यावर पुढे असू नये. रस्ता बंद झाला तर दोन्ही गेल्या. दोन्हींचे नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, कारण ज्या जागी त्यांची गरज पडते तिथे रेंज नसते.

कोरड्या रात्री किंवा वाहनतळावर गाडीचं नाक बाहेरच्या दिशेला ठेवा. झोपण्याआधी बाहेरची प्रत्येक वस्तू आत घ्या आणि किल्ली ठरलेल्या एकाच जागी ठेवा. जागा मनाला पटत नसेल, आसपास काही विचित्र वाटत असेल, तर कारण शोधत बसू नका, निघा. रात्री दारावर थाप पडली तर दार उघडण्याआधी खिडकीतून बोला. पोलिसाने किंवा दुकानाच्या माणसाने हलायला सांगितलं तर वाद घालू नका. चालकाने पलंगावरून उठून सीटवर बसावं, किल्ली फिरवावी आणि लिहून ठेवलेल्या दुसऱ्या जागेकडे निघावं.